केसाचा फोटो संगणकाला दाखवला की गुन्हेगार सापडतो म्हणे!

उंटावरचा_शहाणा: काल इथे एकाने छातीठोकपणे लिहिलं, ‘डिजिटल इमेज ॲनालिसिस आल्यापासून केसांच्या तपासणीत चुकीला वावच नाही.’ डोकं फिरलं वाचून. अमेरिकेच्या एफबीआयने, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेने, जुने खटले पुन्हा तपासले, २०१५ मध्ये निकाल सांगितला. सूक्ष्मदर्शकाखाली केस जुळवून आरोपीविरुद्ध साक्ष झालेल्या २६८ पैकी २५७ खटल्यांत साक्ष सदोष! वॉशिंग्टनच्या सॅन्टे ट्रिबलने २८ वर्षं तुरुंगात काढली. नंतर डीएनएत कळलं, पुराव्यातल्या १३ केसांतला एकही त्याचा नाही, एक तर कुत्र्याचा.

स्लाइडवाली: अहो, ती चूक डोळ्यांची आणि जिभेची. सॉफ्टवेअर नुसतं ‘तपकिरी’ म्हणत नाही, रंगाचा आकडा देतं. केसाच्या रुंदीत मेड्युला, म्हणजे मधला गाभा, किती, तेही मोजतं. माणसात साधारण एक तृतीयांशाच्या आत, बहुतेक जनावरांत निम्म्याहून जास्त. कुत्रा तिथेच सापडला असता.

उंटावरचा_शहाणा: कुत्रा पकडाल हो, माणूस कसा पकडणार? एकाच डोक्यावर कानशिलाचा केस वेगळा, टाळूचा वेगळा. एकच केस मुळाशी काळा, टोकाला उन्हाने पिंगट. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचं सेटिंग, हलला की तुमचा आकडाही हलला.

नाना_सटाणेकर: यंत्राचं कौतुक आम्हाला नका सांगू. रेशनच्या मशीनवर आईचा अंगठा लागत नाही. पदराला पुसते, फुंकर मारते, परत टेकवते. नाहीच. दुकानदार म्हणतो, ‘आजी, उद्या या.’

पिंट्या७७: नाना, ओटीपी घ्या ना.

नाना_सटाणेकर: नंबर धाकट्याचा, तो सुरतेला. फोन उचलेल तर शपथ!

पिंट्या७७: मग नंबर बदला. तेवढंही जमत नाही?

नाना_सटाणेकर: तिथेही अंगठाच मागतात, शहाण्या!

स्लाइडवाली: रेशनचा वेगळा धागा काढा की! २००२ च्या अमेरिकन अभ्यासात सूक्ष्मदर्शकाखाली जुळलेल्या ८० पैकी फक्त ९ तुलना डीएनएने फेटाळल्या.

उंटावरचा_शहाणा: ‘फक्त’? त्या नवांत तुमचा भाऊ असता तर?

स्लाइडवाली: भावाला मध्ये आणायचं कारण नाही. मी केस निवडायला वापरा म्हणतेय. माणूस की जनावर, उपटलेला की गळालेला, कुठला डीएनएला पाठवायचा. फाशी द्या कुठे म्हटलं?

उंटावरचा_शहाणा: बरं बाई, निवडा. तेवढं ‘जुळला’ हे कोर्टात बोलू नका, म्हणजे उपकार होतील.

पिंट्या७७: नाना, डोळ्यांचं मशीन असतं काही दुकानांत.

नाना_सटाणेकर: आईला मोतीबिंदू आहे. आणखी काही?