घड्याळाचा इशारा किती मनावर घ्यावा?

धागाकर्ता : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीत त्यांच्या स्मार्टवॉचने 'नाडी अनियमित' असा इशारा दोनदा दिला. दवाखान्यातला ईसीजी नॉर्मल आला, पण डॉक्टरांनी २४ तासांचे होल्टर (अंगावर बाळगायचे ईसीजी नोंदयंत्र) लावले आणि त्यात पहाटे तीनच्या सुमाराचे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड, सापडले. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि वडिलांना तर साधी धडधडही जाणवली नव्हती. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर असे घड्याळ असावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ : निदान वेळेवर झाले हे उत्तमच, पण एका उदाहरणावरून सरसकट नियम काढू नये. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या ॲपल वॉच अभ्यासात ४,१९,२९७ जण होते. इशारा आलेल्यांना छातीवर चिकटवायची, ईसीजी नोंदवणारी पट्टी पाठवली गेली आणि तपासलेल्या ४५० पट्ट्यांपैकी ३४ टक्क्यांतच हा विकार दिसला. शिवाय विकार सापडला म्हणजे पक्षाघात टळला, असे होत नाही. डेन्मार्कमध्ये सत्तरीपुढच्या सुमारे ६,००० जणांपैकी काहींच्या छातीत त्वचेखाली नोंदयंत्र बसवले. त्यांच्यात ३१.८ टक्के आणि इतरांत १२.२ टक्के लोकांना हा विकार असल्याचे कळले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही दुपटीहून अधिक जणांना सुरू झाल्या, तरी पक्षाघातातील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

धागाकर्ता : ३४ टक्क्यांचा अर्थ आपण उलटा लावत आहात. पट्टी टपालाने काही दिवसांनी पोहोचत असे आणि हा विकार येतो-जातो, त्यामुळे पट्टी कोरी राहिली म्हणून इशारा खोटा ठरत नाही. पट्टी अंगावर असताना घड्याळाने पुन्हा इशारा दिला, तेव्हा ८४ टक्के वेळा त्याच क्षणी ईसीजीवर विकार दिसला होता. डेन्मार्कचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही.

प्रतिसाद २ : दोघांच्या वादात घड्याळाला काय दिसत नाही, हे राहून गेले. त्याचा हिरवा प्रकाश मनगटातील रक्ताची लाट मोजतो. ठोक्यांमधले अंतर कळते, हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली कळत नाही. आमच्या शेजारच्या काकांनी छातीत जळजळ होताच घड्याळावर ठोके पाहिले, ७८ दिसल्यावर इनो घेतले आणि सकाळपर्यंत थांबले. तो हृदयविकाराचा झटका होता. वडिलांना घड्याळ देताना एवढे आधी समजावून सांगा.