आबांचा पीएसए ७.२ : एमआरआयवर भागेल की बायोप्सी करावीच लागेल?

द्राक्षवेल, तासगाव

नमस्कार मंडळी. आमच्या आबांचं वय ६८. रात्री सारखं लघवीला उठावं लागतं म्हणून सांगलीत यूरॉलॉजिस्टना दाखवलं. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, ७.२ निघाला. लघवीत इन्फेक्शन नाही, काही आठवड्यांनी परत तपासलं तरी ७ च्या वरच. डॉक्टर म्हणाले, बायोप्सीची (सुईनं तुकडा काढून तपासण्याची) तयारी ठेवा, पण आधी प्रोस्टेटचा एमआरआय करून आणा.

बायोप्सीचं नाव ऐकून आबांनी धसकाच घेतलाय. भावकीतल्या एकानं त्यांच्या डोक्यात भरवलंय की सुई लागली की कॅन्सर पसरतो. आता त्यांचं एकच पालुपद, एमआरआय काय तो करा, त्यात नाही दिसलं तर विषय संपला.

एमआरआयवर खरंच भागतं का? सेंटरवाले विचारतात, कॉन्ट्रास्ट (शिरेतून सोडायचं औषध) घालून करायचा की साधा? दोन्हींच्या पैशांत बराच फरक आहे. मशीन ३ टेस्लाचंच (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) पाहिजे का? आबांचा डावा खुबा २०१९ मध्ये बदललाय, आत धातू आहे. शिवाय नेटवर स्पेक्ट्रोस्कोपी वगैरे नवीन प्रकार वाचले, त्यासाठी पुण्या-मुंबईला न्यावं का? बागेची छाटणी तोंडावर आलीय, पण ती भाऊ बघेल. आबांच्या बाबतीत हयगय नको.

माहेर वाई

दादा, एमआरआय आधी करा, बायोप्सी नंतर. माझ्या सासऱ्यांची जुन्या पद्धतीनं थेट बायोप्सी झाली होती, गुदद्वारातून सोनोग्राफी लावून. रिपोर्ट चांगला आला, आम्ही पेढे वाटले. पीएसए मात्र चढतच राहिला. पुढं एमआरआय केला तेव्हा गाठ ग्रंथीच्या पुढच्या भागात सापडली. मागून जाणाऱ्या सुईला तो भाग सहसा लागत नाही, असं डॉक्टरांनी तेव्हा समजावलं. आता उपचार घेऊन बरे आहेत.

चुंबकवाला, मिरज

मी मिरजेत एमआरआय मशीनवर तंत्रज्ञ आहे. डॉक्टर नाही, त्यामुळं निर्णय तुमच्या यूरॉलॉजिस्टचाच. पण टेबलावर पेशंट घेण्याचं काम रोजचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आबांचा प्रश्न आधी घेतो. २०१७ मध्ये ब्रिटनमधला प्रॉमिस नावाचा अभ्यास आला. ५७६ पुरुषांचा एमआरआय केला, नेहमीची बायोप्सी केली आणि पडताळणीसाठी ग्रंथीत ठिकठिकाणी सुया घालून बारीक तपासणीही केली. धोक्याचे कॅन्सर एमआरआयनं १०० पैकी ९३ पकडले, नेहमीच्या बायोप्सीनं ४८. म्हणजे एमआरआय दमदार आहे, तरी सातेक निसटतातच. उलट बाजूही आहे. ज्यांना धोक्याचा कॅन्सर नव्हता, त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या एमआरआयमध्ये काहीतरी संशयास्पद दिसलंच. प्रोस्टेटची जुनी सूज, टीबी, ग्रंथीच्या वाढीच्या गाठी, सगळे कॅन्सरसारखा वेष घेतात. म्हणून एमआरआय कॅन्सरचं नाव घेत नाही, संशय किती ते सांगतो. नाव ठरतं ते तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच.

मग एमआरआय आधी का? कारण सुई घालायची की नाही आणि घालायची तर नेमकी कुठं, हे तो ठरवतो. २०१८ च्या प्रिसिजन अभ्यासात एमआरआय आधी केलेल्यांपैकी २८ टक्के लोकांना बायोप्सी लागलीच नाही. तरीही त्या गटात धोक्याचे कॅन्सर ३८ टक्के लोकांत सापडले, थेट बायोप्सीच्या गटात २६ टक्के. आणि बायोप्सी आधी झाली तर आत रक्त साकळतं, मग आमची चित्रं बिघडतात, निदान सहा-आठ आठवडे थांबावं लागतं.

आता आत काय होतं ते. पहिलं टी२ नावाचं चित्र, त्यात ग्रंथीची रचना दिसते. दुसरं डिफ्युजन. त्यात पाण्याचे कण पेशींच्या मधून किती मोकळे फिरतात ते मोजतात. संकष्टीला सांगलीच्या गणपती मंदिरासमोर माणसाला पाय टाकता येत नाही, तसं कॅन्सरच्या दाट पेशींत पाण्याला हलता येत नाही. ती जागा एडीसी नकाशावर (पाण्याच्या हालचालीच्या मोजमापातून बनतो तो) काळी पडते आणि जास्त बी-व्हॅल्यूच्या चित्रात पांढरी उजळते. बी-व्हॅल्यू म्हणजे डिफ्युजनचं चित्र किती तीव्रतेनं घ्यायचं त्याचा आकडा. ही बी-व्हॅल्यू १४०० किंवा त्याहून वर हवी, एवढं सेंटरला जरूर विचारा. संशयाला १ ते ५ गुण देतात, त्या पद्धतीला पाय-रॅड्स म्हणतात. ग्रंथीच्या बाहेरच्या, म्हणजे पेरिफेरल झोनचा गुण मुख्यतः डिफ्युजनवर ठरतो, आतल्या ट्रान्झिशन झोनचा टी२ वर.

तिसरा कॉन्ट्रास्ट. शिरेतून गॅडोलिनियम सोडून दर काही सेकंदांनी चित्र घ्यायचं, कुठली जागा आधी उजळते ते बघायचं. २०२५ च्या प्राइम अभ्यासात कॉन्ट्रास्टशिवायचा एमआरआयही तितकाच कामाचा ठरला, पण चित्रं चांगल्या दर्जाची असतील तरच. आबांच्या खुब्यात धातू आहे. एमआरआयला त्याची सहसा अडचण नसते, ऑपरेशनचे कागद मात्र बरोबर आणा. पण धातूमुळं डिफ्युजनची चित्रं वाकडी होतात. म्हणून आबांच्या बाबतीत मी तरी कॉन्ट्रास्टचे पैसे वाचवणार नाही. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या, किडनी फार कमजोर असेल तर तसं सांगायला हवं.

टेस्लाचं म्हणाल तर ३ चांगलं, पण १.५ वरही नीट होतं. धातू असला की १.५ वर चित्र उलट कमी वाकडं होतं. सकाळी पोट साफ करून या, हे मी प्रत्येकाला परत परत सांगतो. प्रोस्टेट गुदाशयाला चिकटून असते, तिथं गॅस साठला की डिफ्युजनचं चित्र ताणल्यासारखं होतं आणि अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात जाते.

स्पेक्ट्रोस्कोपीत ग्रंथीतलं सायट्रेट हे रसायन कमी आणि कोलीन हे जास्त झालंय का ते बघतात. तत्त्व सुंदर आहे, पण वेळखाऊ आहे आणि पाय-रॅड्सच्या गुणांत तिला आता जागा नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचं व्हर्डिक्ट हे डिफ्युजनचंच पुढचं रूप, ते अजून संशोधनात आहे. त्यासाठी आबांना मुंबईपर्यंत हलवू नका.

द्राक्षवेल, तासगाव

दादा, तुमचे उपकार. कॉन्ट्रास्टसह केला. पोट साफ ठेवलं, खुब्याचे कागद नेले. आवाजानं आबा वैतागले, पण हलले नाहीत. रिपोर्टमधलं लिहितो : ग्रंथी ५.२ बाय ४.६ बाय ४.३ सेंमी. उजव्या पेरिफेरल झोनमध्ये मध्यावर ९ मिमीची जागा, डिफ्युजन गुण ३, कॉन्ट्रास्ट पॉझिटिव्ह, पाय-रॅड्स ४. आवरण शाबूत. घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेत. ३ चे ४ कसे झाले?

चुंबकवाला, मिरज

नियमच तसा आहे. पेरिफेरल झोनमध्ये डिफ्युजन ३ वर अडलं आणि तीच जागा कॉन्ट्रास्टमध्ये लवकर उजळली, तर गुण ४ होतो. ४ म्हणजे धोक्याचा कॅन्सर असण्याची शक्यता बरीच. खात्री नव्हे. आणखी एक गणित करा. तिन्ही मापांचा गुणाकार गुणिले ०.५२, म्हणजे ग्रंथी साधारण ५३ ते ५४ मिली. ७.२ भागिले तेवढे, ०.१३. याला पीएसए डेन्सिटी म्हणतात. ०.१५ च्या वर गेली की संशय वाढतो. आबांची खाली आहे, ही जमेची बाजू. पण ४ गुण असताना तेवढ्यावर थांबत नाहीत.

कागद नुसता नेऊ नका, सीडी न्या. यूरॉलॉजिस्टनी चित्र डोळ्यांनी बघून त्या ९ मिमीच्या जागेत सुई मारायला हवी. चित्र मनात धरून मारतात किंवा एमआरआय आणि सोनोग्राफी जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. तुमच्याकडं कोणतं होणार ते विचारा. आबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका.

निवृत्त गुरुजी, सातारा

आबांना माझा निरोप द्या. मी ७१ वर्षांचा, माझ्याही एमआरआयमध्ये ४ होता. बायोप्सी गुदद्वारातून न करता अंडकोशामागच्या कातडीतून केली, त्यात जंतुसंसर्गाची भीती कमी. जागा बधिर केली होती. दोन दिवस लघवी लालसर झाली, वीर्यात मात्र रक्त बरेच दिवस दिसलं, त्याला घाबरायचं नाही. पसरण्याचं मीही डॉक्टरांना विचारलं होतं. सुईमुळं प्रोस्टेटचा कॅन्सर पसरणं अत्यंत विरळ, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

माझा ग्लिसन, म्हणजे तुकड्यातला कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा गुण, ३ अधिक ३ आला, सगळ्यांत सौम्य. ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही. ठरल्या वेळी पीएसए, मधूनमधून एमआरआय, गरज वाटली तर पुन्हा बायोप्सी. रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं फिरायला जातो. जास्तीचं निघालं तरी, आवरण शाबूत आहे तोवर बरं करण्याचे उपाय हाताशी असतात. पण ते ठरवायला आधी तुकडा लागतो. आबांना माझ्याशी बोलायचं असेल तर खासगी निरोपात कळवा, मी स्वतः फोन लावतो.