मदत हवी आहे : मोटर 3.2 व्होल्टची, सप्लाय किती व्होल्टचा घेऊ?

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याला माझं मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. मार्च लागला की कुलरचे पंप आणि फॅनच्या मोटरी दारात रांग लावतात. अजून हाताच्या हँडलवर कॉइल गुंडाळतो. गिऱ्हाईक गप्पा मारत उभं राहतं आणि माझे टर्न मोजायचे चुकतात. म्हणून यंदा पावसाळ्याच्या रिकामपणात स्टेपर मोटरवरची (मोजून एकेक पाऊल फिरणारी मोटर) वाइंडिंग मशीन करायला घेतली.

फर्मा (ज्यावर कॉइल गुंडाळतो तो साचा) फिरवायला नेमा 23 मापाची मोटर आहे, पाटीवर 2.8 अँपिअर, 3.2 व्होल्ट. तार डावी-उजवीकडे सरकवायला नेमा 17, 1.7 अँपिअरची. दोन्हींना टीबी6600 ड्रायव्हर (मोटरला करंट देणारं सर्किट), त्यावर 9 ते 42 व्होल्ट छापलंय. घरी पडलेला 12 व्होल्ट 5 अँपिअरचा अडॅप्टर लावून पाहिला. हळू फिरते तेव्हा हाताने धरूनही थांबत नाही, पण 300 आरपीएमकडे नेली की किर्र करून जागीच थरथरते.

आमच्या धंद्यात पाटीवरचा व्होल्ट म्हणजे ब्रह्मवाक्य. 230 ची मोटर कुणी 440 वर टाकली की काय होतं ते मी नाकानेच ओळखतो. इथे 3.2 च्या मोटरला 12 देतानाच हात थरथरला! सीताबर्डीतल्या दुकानदाराने 48 व्होल्टचा एसएमपीएस (तयार डीसी सप्लायचा डबा) समोर ठेवला. तो तर ड्रायव्हरच्याही वर जातो, काहून देत होता देव जाणे. भाचा म्हणतो 24 पुरे. आणि ट्रान्सफॉर्मर तर मी स्वतःच गुंडाळू शकतो. 30 व्होल्टची सेकंडरी (बाहेर व्होल्ट देणारी कॉइल) काढून पुढे एसीचं डीसी करायला ब्रिज आणि कपॅसिटर लावला तर?

प्रतिसाद :
भाऊ, ते 3.2 म्हणजे फक्त 2.8 अँपिअर गुणिले वाइंडिंगचा रेझिस्टन्स, साधारण 1.1 ओहम. तुमचा ड्रायव्हर चॉपर जातीचा आहे. करंट ठरलेल्या आकड्याला पोचला की सप्लाय तोडतो, उतरला की जोडतो. मोटर किती तापायची ते मुख्यतः करंट ठरवणाऱ्या त्याच्या डिप स्विचवर (बारीक बटणांवर) ठरतं, ते आधी नीट लावा.

व्होल्टेज लागतं वेगासाठी. एका फेऱ्याला 200 स्टेप धरल्या तर 300 आरपीएमला सेकंदाला 1000 स्टेप, म्हणजे एका स्टेपला 1 मिलिसेकंद. अशा मोटरचं इंडक्टन्स (करंट चढायला कॉइल करते तो अडथळा) 3.6 मिलिहेन्रीच्या आसपास असतं. 12 व्होल्टवर करंट पूर्ण चढायलाच 0.84 मिलिसेकंद जातात, वर फिरती मोटर बॅक ईएमएफने, म्हणजे स्वतः तयार केलेल्या उलट्या व्होल्टेजने, विरोध करते. मग जोर येणार कुठून? 36 वर तेच काम 0.28 मध्ये होतं.

30 ची सेकंडरी मात्र नको. 1.414 ने गुणून ब्रिजचे 1.4 वजा केले की 41 उरतात. रात्री लाइन 250 ला चढली की ड्रायव्हर गेला समजा. शिवाय मोटर थांबताना थोडी ऊर्जा कपॅसिटरमध्ये परत ढकलते. 22 ची काढा, 30 च्या जवळ डीसी मिळेल. कपॅसिटर 4700 मायक्रोफॅरड, 63 व्होल्टचा.

अँपिअरचा ठोकताळा : फेज करंटच्या दोन तृतीयांश. दोन्ही मोटरी मिळून 3 होतात. गुंडाळायचा कंटाळा असेल तर 36 व्होल्ट 5 अँपिअरचा एसएमपीएस घ्या.

धागाकर्ता :
आता डोक्यात प्रकाश पडला. दुकान टिनाचं आहे, मे महिन्यात बाहेरच 45 असतं. एसएमपीएस टिकेल?

प्रतिसाद :
बऱ्याच एसएमपीएसची पूर्ण लोडची हमी 50 डिग्रीपर्यंतच असते. तुम्ही 5 पैकी 3 च ओढणार, तेव्हा चालेल, पण बंद पेटीत कोंडू नका. पंख्यात कुलरची ओली हवा तर अजिबात जाऊ देऊ नका.

धागाकर्ता :
मग ट्रान्सफॉर्मरच बरा, तांबं घरचंच आहे. 150 व्हीएचा कोअर पडलाय, पुरेल ना? तेवढी एक शेवटची कॉइल हँडलवर.

प्रतिसाद :
पुरेल. आणि सप्लाय चालू असताना मोटरची वायर ड्रायव्हरमधून काढू नका, माझे दोन ड्रायव्हर असेच गेले.