काळ्या पडद्याची टेप: टर्मिनल रेकॉर्ड करण्याचे तुमचे अनुभव सांगा

लातूरची रात्रपाळी

मागच्या पावसाळ्यात एका रात्री अडीच वाजता बंद पडलेला डेटाबेस मी सुरू केला. घर लातूरला, कंपनी पुण्याची, सर्व्हर कुठला ते देवाला ठाऊक. सकाळच्या मिटिंगमध्ये पहिला प्रश्न आला, "नेमकं काय केलंस?" मला सांगता येईना. टर्मिनलची, म्हणजे कमांडी टाईप करतो त्या काळ्या खिडकीची, हिस्टरी काढली तर चाळीसेक कमांडी होत्या, पण कुठल्या कमांडीला काय उत्तर आलं होतं याचा पत्ता नाही. त्यात रात्री दोन खिडक्या उघड्या होत्या, आणि आमच्या मशीनवर नंतर बंद झालेल्या खिडकीनं आधीच्या खिडकीची हिस्टरी पुसून टाकलेली. चांगलं काम करून चोरासारखा गप्प बसलो.

तेव्हापासून सर्व्हरवर पाय ठेवला की आधी 'स्क्रिप्ट'. ही कमांड काही नवी नाही. बर्कलीच्या युनिक्समध्ये तिसऱ्या बीएसडीपासून आहे, म्हणजे १९७९ ची, माझ्यापेक्षा वयानं मोठी. ती तुम्हाला एका खोट्या टर्मिनलात बसवते आणि पडद्यावर जे उमटेल ते 'टाइपस्क्रिप्ट' नावाच्या फाईलीत उतरवत राहते. एक्झिट म्हटलं की थांबते. वेळेची वेगळी फाईल मागितली तर कुठला मजकूर किती वेळानं आला तेही टिपते, आणि मग 'स्क्रिप्टरिप्ले' सगळं त्याच गतीनं परत दाखवतं.

पहिल्यांदा रिप्ले लावून मी चहाचा कप घेऊन मागं सरकलो, तर दारातून बाबा बघत होते. "आरं, तू तर हितं चहा पिऊलालास, मग तितं कोन टाईप करूलालंय?"

तर मंडळी, तुम्ही कशासाठी रेकॉर्ड करता, कशानं करता, आणि कुठं फसलात? फजिती आधी सांगा. कमांडी देवनागरीतच लिहा, जाणकार समजून घेतील.

गोदाकाठ

नांदेडला कॉलेजात लिनक्सचं प्रॅक्टिकल घेते. सोयाबीनची काढणी आणि लग्नसराई या दोन हंगामांत वर्ग निम्मा रिकामा. आधी मोबाईलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचे. दीडशे एमबीचा व्हिडिओ, गावाकडं रेंज नाही, आणि उघडलाच तर अक्षरं मुंगीएवढी. आता आस्कीनेमा नावाच्या टर्मिनल-रेकॉर्डरनं रेकॉर्ड करते. तासाभराच्या प्रॅक्टिकलची फाईल दोन-तीनशे केबीत बसते, कारण तिच्यात चित्र नसतंच. नुसता मजकूर आणि तो कितव्या सेकंदाला आला ते. मुलं स्पेस दाबून थांबवतात, टिंब दाबून एकेक पाऊल पुढं जातात, आणि थांबलेल्या पडद्यावरून कमांड सरळ कॉपी करतात. (हातानं टाईप करा म्हणून सांगते. कोण ऐकतंय.)

मग मीही डोकं चालवलं. जर्नलला स्क्रीनशॉट घेणं बंद केलं. टाइपस्क्रिप्ट आणि टायमिंग, दोन्ही फाईली आणा म्हटलं. ज्यानं स्वतः केलंय त्याचं रिप्ले अडखळत चालतं: फाईलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस'च्या जागी 'एसएल', बॅकस्पेस, मग मॅन पेज, म्हणजे कमांडीची माहिती, उघडून बसलेला. ज्यानं उतरवलंय त्याच्या अख्ख्या ओळी धपाधप पडतात. एका बहाद्दरानं मित्राची टाइपस्क्रिप्ट घेऊन एडिटरमध्ये फक्त नाव बदललं. पण टायमिंगच्या फाईलीत प्रत्येक तुकडा किती बाइटचा ते लिहिलेलं असतं. याचं नाव मित्राच्या नावापेक्षा चार अक्षरांनी लांब. तिथून पुढं सगळं घसरलं: ओळ शेवटाला चार अक्षरं उरली की थांबते, ती चार पुढच्या ओळीबरोबर येतात, आणि अगदी शेवटची चार येतच नाहीत. मोठ्या पडद्यावर लावून दाखवलं. सगळ्यात आधी तोच हसला.

हिंगोलीचा नवखा

बावळट प्रश्न आहे, रागावू नका. रिप्ले केलं की त्या कमांडी परत चालतात का? माझ्या एका रेकॉर्डिंगमध्ये 'आरएम डॅश आरएफ', म्हणजे न विचारता सगळं उडवणारी कमांड आहे, म्हणून दोन महिने ते उघडलेलंच नाही.

लातूरची रात्रपाळी

बावळट कशाचा, मलाही पहिल्यांदा हीच धाकधूक होती. नाही चालत. पडद्यावर जे उमटलं होतं तेवढंच परत उमटतं, डिलीट काही होत नाही. बिनधास्त उघडा.

वाळूज शिफ्ट

कारखान्याचं नाव नको. आमच्याकडं लेबल छापणारा एक सर्व्हर आहे. रविवारी बाहेरचा इंजिनिअर अपडेट करून गेला, सोमवारी पहिल्या शिफ्टला लेबलं बंद. ट्रक गेटवर उभे. मी फोनवर त्या माणसाला नाही नाही ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्याच नियमाप्रमाणं स्क्रिप्ट लावून काम केलंय, बघून घ्या."

बघितलं. तो साडेचारला एक्झिट करून गेला होता, तोवर चाचणीची लेबलं व्यवस्थित निघत होती. मग माझी स्वतःची रविवार रात्रीची फाईल उघडली. 'स्क्रिप्टरिप्ले'ला शेवटी २ दिलं की दुप्पट वेगानं पळतं, तसं पळवत होतो. मध्येच मी, स्वतः, एका फोल्डरची मालकी बदलतोय, 'डॅश कॅपिटल आर' लावून, म्हणजे आतल्या सगळ्यासकट, आणि उभा आहे एक फोल्डर वर. छपाईच्या सेवेची सगळी फोल्डरं एका झटक्यात माझ्या नावावर. सातबारा फिरवावा तसं. पडद्यावर एकही चूक उमटली नाही, म्हणून तेव्हा कळलंही नाही.

फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "होतंय साहेब." त्याच्या जागी मी असतो तर एवढ्यावर सोडलं नसतं.

बिंदुसरा

बीड. माझं शहाणपण ऐका. दर वेळी स्क्रिप्ट लावायला विसरतो म्हणून ती ओळ 'बॅशआरसी'तच टाकली, म्हणजे शेल सुरू होताना वाचतो त्या फाईलीत. शेल म्हणजे आपल्या कमांडी ऐकणारा प्रोग्रॅम. आता स्क्रिप्ट नवा शेल उघडते. नवा शेल 'बॅशआरसी' वाचतो. 'बॅशआरसी' स्क्रिप्ट लावते. ती नवा शेल उघडते. देवळात समोरासमोर आरसे लावतात ना, तसं. लॉगिन केलं की मशीन धापा टाकायला लागायचं, प्रॉम्प्ट काही येईना. शेवटी कन्सोलवर रूटनं, म्हणजे सर्वाधिकारी खात्यानं, शिरून ती फाईल बाजूला काढली.

करायचंच असेल तर आधी एक पर्यावरण-चल (एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल, नव्या शेललाही दिसणारी खूण) तपासा: लावलेलं असेल तर गप्प बसा, नसेल तर लावा आणि मगच स्क्रिप्ट. आणि फाईलीच्या नावात तारीख-वेळ घाला. नाहीतर त्याच फोल्डरात दुसऱ्यांदा स्क्रिप्ट म्हटलं की आधीची टाइपस्क्रिप्ट गेली. मागं जोडायची असेल तर 'डॅश ए' लागतं. हेही अनुभवानंच कळलं.

मोसंबी

जालना. पासवर्डाबद्दल कुणी बोलंना, म्हणून मी बोलतो.

आस्कीनेमाच्या जुन्या आवृत्तीत फाईलीचं नाव न देता रेकॉर्ड केलं की शेवटी विचारणा व्हायची: एंटर दाबलं तर संकेतस्थळावर चढवतो, कंट्रोल-सी दाबलं तर इथंच ठेवतो. बोटाला सवय एंटरची. गेलं वर. आणि मी डेटाबेसचा पासवर्ड कमांडीच्या ओळीतच लिहिलेला. रेकॉर्डिंग काढून टाकलं, पासवर्ड बदलला, कुणाला सांगितलं नाही. आज सांगतोय.

पुढच्या वेळी शहाणा झालो, फाईल घरीच ठेवली. द्यायच्या आधी एडिटरमध्ये उघडून पासवर्ड शोधला. सापडला नाही, म्हटलं सुटलो. पण लावून बघितलं तर पडद्यावर ढळढळीत! कारण त्या फाईलीत एकेक घटना एकेका ओळीवर असते: वेळ, प्रकार, मजकूर. हातानं टाईप केलेलं अक्षरागणिक उमटतं, म्हणून आठ अक्षरांचा पासवर्ड आठ ओळींवर पसरलेला. अख्खा शब्द शोधून कसा मिळणार? पेस्ट केला असता तर बहुधा एका जागी सापडला असता.

पासवर्ड विचारतात तिथं टाईप केलेलं दिसत नाही, म्हणून नोंदलंही जात नाही. पण स्क्रिप्टला 'लॉग-इन' हा पर्याय दिलात, म्हणजे आत जाणाऱ्या कळाही टिप म्हणालात, तर मात्र ती न दिसणारा पासवर्डही इमानदारीनं लिहून ठेवते.

ज्वारीचं कणीस

परभणी. आमच्या इथं लाईटीचा भरवसा नाही, आणि माझा डेस्कटॉप बिनइन्व्हर्टरचा. स्क्रिप्ट लावून काम केलं, लाईट गेली, आली, फाईल उघडली तर शेवटचा भाग गायब. नेमका तोच हवा होता. तेव्हापासून 'डॅश एफ' लावतो, म्हणजे आलेला मजकूर साठवून न ठेवता लगेच फाईलीत जातो. दुसरं म्हणजे काम 'टीमक्स'मध्ये, सर्व्हरवरच; माझं मशीन बंद पडलं तरी तिथलं काम चालू राहतं.

अजून एक. मी मराठी मजकुराच्या फाईली हाताळतो. माझ्या पडद्यावर नीट दिसणारं 'क्षेत्र' मित्राकडं रिप्लेमध्ये 'क् षे त् र' असं विस्कटलं, वेलांट्या शेजारच्या घरात. त्याला वाटलं मी फाईल बिघडवली. पण रेकॉर्डिंगात फक्त बाइट असतात, ते काढून दाखवायचं काम बघणाऱ्याच्या टर्मिनलचं. देवनागरी अक्षराला पडद्यावरची किती घरं (चौकटी) द्यायची यावर टर्मिनलांचं एकमत नाही. खिडकीचंही तसंच: मोठ्या खिडकीत रेकॉर्ड केलेलं छोट्या खिडकीत लावलं की ओळी मोडतात. मी आता खिडकी ऐंशी अक्षरं बाय चोवीस ओळी करूनच सुरू करतो.

लातूरची रात्रपाळी

गोदाकाठ मॅडम, एक विचारायचं होतं. मधले मोकळे वेळ कापता का? माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मी अकरा मिनिटं जेवायला गेलेलो आहे. नुसता कर्सर लुकलुकतोय.

गोदाकाठ

कापते. आस्कीनेमात 'डॅश आय २' दिलं की कुठलाही थांबा दोन सेकंदांच्या वर जात नाही. चालवतानाही देता येतं, मूळ फाईलीला धक्का लागत नाही.

एक फाईल मात्र राहून गेली. पाइपचं, म्हणजे एका कमांडीचं उत्तर दुसरीला देण्याचं, प्रॅक्टिकल होतं, उत्तर चुकीचं येत होतं, आणि सव्वा मिनिट मी काहीच टाईप केलेलं नाही. मग एक अवतरण चिन्ह पुसलं आणि जमलं. मुलं तीच फाईल सगळ्यात जास्त उघडतात. ग्रुपवर तिच्याखाली कुणीतरी लिहून ठेवलंय, "७:४० पासून बघा, मॅडम अटकल्या."