ऑक्सिजनची ४३६३ रेषा दिसली नाही म्हणून ढग यादीतून काढायचा का?

निशाचर: सर्पिल दीर्घिकेत केंद्रापासून कडेपर्यंत ऑक्सिजन कसा घटतो हे सांगायचं, तर ज्यांचं इलेक्ट्रॉन-तापमान प्रत्यक्ष मोजलंय तेच एचटू ढग (तरुण ताऱ्यांनी आयनित केलेल्या हायड्रोजनचे तेजस्वी ढग) घ्यावेत. ऑक्सिजनच्या ५००७ आणि ४३६३ अँगस्ट्रॉम रेषांच्या गुणोत्तरातून तापमान, तापमानावरून ऑक्सिजन. नुसत्या ठळक रेषांची सूत्रं लावली, तर त्याच वर्णपटाचं उत्तर सूत्रागणिक ०.७ डेक्सपर्यंत (डेक्स म्हणजे दहाच्या घातांकातला फरक), म्हणजे पाचपट, हलतं. याला काय मोजपट्टी म्हणायचं?

ध्रुवमत्स्य: मग आतले ढग कुठून आणणार? तिथे ऑक्सिजन जास्त, म्हणून ढग थंड, ६००० केल्विनच्या आसपास. ४३६३ च्या वरच्या पातळीला ५.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, एवढी ऊर्जा असलेले इलेक्ट्रॉन तिथे फारच थोडे. रेषा गोंगाटात बुडते. आतल्या भागात ती दिसते ती नेमकी जास्त गरम, ऑक्सिजन कमी असलेल्या ढगांत. तेवढेच ठेवलेत की ऑक्सिजनचा केंद्रापासून कडेपर्यंतचा उतार सपाट झालाच.

निशाचर: थंड ढगांत नायट्रोजनची ५७५५ किंवा गंधकाची ६३१२ वापरा. सर्पिल दीर्घिकांमधल्या मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या केऑस प्रकल्पाने एलबीटी (लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोप) दुर्बिणीवरून एम१०१ या दीर्घिकेच्या ७० हून अधिक ढगांत अशा क्षीण रेषांवरून तापमानं काढली आहेत. फक्त ६३१२ च्या जोडीला गंधकाच्याच ९०६९ आणि ९५३२ लागतात, आणि आपल्या हवेतली वाफ त्यांना खाते. ९५३२ ही ९०६९ च्या साधारण २.५ पट हवी. कमी आली तर ९५३२ खाल्ली गेली, जास्त आली तर ९०६९.

वर्णपट: दोघांनीही ४३६३ चे शेजारी विसरलेले दिसतात. धातुसमृद्ध ढगात लोखंडाची ४३६० तिच्यात मिसळते, मग तापमान खोटं वाढतं आणि ऑक्सिजन खोटा घटतो. दीर्घिका जवळची असेल तर पाऱ्याच्या दिव्यांची ४३५८ सुद्धा चिकटून बसते. आणि धुळीची दुरुस्ती करताना सगळीकडे हायड्रोजनच्या एच-अल्फा/एच-बीटा रेषांचं गुणोत्तर २.८६ धरू नका. ते १०,००० केल्विनचं, ५००० ला ३.०४ येतं.

ध्रुवमत्स्य: लोखंडाचं मान्य, उलट माझंच म्हणणं त्याने पक्कं होतं. उतारच हवा असेल तर सगळ्या ढगांना एकच सूत्र लावा. शून्यबिंदू चुकेना का, तुलना टिकते.

निशाचर: कशी टिकेल? आर२३ ला (ऑक्सिजनच्या ठळक रेषांची बेरीज भागिले एच-बीटा) एकाच मूल्यासाठी ऑक्सिजनची दोन उत्तरं, एक कमी आणि एक जास्त, आणि वळणाजवळ तर कुठली फांदी धरायची तेच कळत नाही. एन२ (नायट्रोजनची रेषा भागिले एच-अल्फा) म्हणाल तर नायट्रोजन-ऑक्सिजनचं प्रमाण स्वतःच कडेकडे घटतं. म्हणजे निम्मा उतार नायट्रोजनचाच मोजताय.

ध्रुवमत्स्य: बरं, सूत्रं राहू द्या. न दिसलेल्या ४३६३ ची ३ सिग्मा मर्यादा (गोंगाटाच्या तिप्पट, म्हणजे रेषा जास्तीत जास्त एवढीच असू शकते) तरी लिहाल? त्यावरून तापमानाची वरची आणि ऑक्सिजनची खालची मर्यादा मिळते. ते ढग वर रोखलेल्या बाणांनी आलेखात ठेवा आणि बाणांसकट रेषा बसवा.