सुपर प्यूमा, गिअरबॉक्स आणि आईचं टेन्शन

मधला_भाऊ
धाकट्याला स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला ऑफशोअरचा, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींवरचा जॉब लागलाय, रिगवर जायचं म्हणजे हेलिकॉप्टर आलंच. आईने कुठूनतरी २०१६ चा नॉर्वेचा तो व्हिडिओ पाहिला, पंखा एकटाच गरगरत खाली येतोय तो, तेव्हापासून रोज फोन करून नको जाऊ म्हणतेय. खरंच गिअरबॉक्समुळे झालं का ते? चेकिंग वगैरे करत नाहीत का?

रोटरवाला
हो, गिअरबॉक्सच. २९ एप्रिल २०१६, तुरॉय बेटाजवळ, ईसी२२५ सुपर प्यूमा हेलिकॉप्टर, १३ च्या १३ गेले. इंजिनाचे मिनिटाला साधारण २३ हजार फेरे गिअरबॉक्स उतरवत उतरवत रोटरपर्यंत, म्हणजे वरच्या पंख्यापर्यंत, २६५ च्या आसपास आणतो, त्यातल्या शेवटच्या टप्प्यातल्या एका प्लॅनेट गिअरला (मधल्या चाकाभोवती फिरणारं छोटं दातेरी चाक) फटीग क्रॅक, म्हणजे सततच्या ताणाने हळूहळू वाढणारी चीर गेली. चेकिंग असतं की, तेलाच्या वाटेत मॅग्नेट असतो, चिप डिटेक्टर, लोखंडाचा कीस चिकटला की कॉकपिटमध्ये दिवा लागतो. पण इथे क्रॅक आतल्या आत सरकत गेली, कीस फार सुटलाच नाही आणि दिवा काही लागला नाही. इंजिनं दोन असतात हो, मेन गिअरबॉक्स एकच.

खडूस_काका
आणि २००९ ला स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ १६ गेले त्याचं काय? तेही प्यूमाच, तोच प्लॅनेट गिअर, आणि तिथे तर आठवडाभर आधी गिअरबॉक्समध्ये धातूचा कण सापडला होता!! ७ वर्षं काय करत होते मग

रोटरवाला
काका बरोबर आहे, तो कण कशाचा हे तेव्हा ओळखलंच गेलं नाही. नंतर कण तपासायचे नियम कडक केले, पण २०१६ ला कणच नाही तर नियम काय करणार. त्यानंतर मात्र दोन प्रकारचे प्लॅनेट गिअर वापरात होते त्यातला एक काढूनच टाकला.

स्टॅव्हॅंगरकर
इथे नॉर्वेत २०१७ च्या जुलैत प्यूमा परत उडवायला परवानगी मिळाली, पण कामगार बसायलाच तयार नाहीत, तेल कंपन्यांनीही मग नाद सोडला. कागदावर सेफ म्हटलं म्हणून माणूस बसतो थोडाच. धाकट्याला बहुतेक एस-९२ नाहीतर एडब्ल्यू१३९ ही दुसरी हेलिकॉप्टरं मिळतील, आईला सांगा प्यूमा नाही म्हणून.

खडूस_काका
एस-९२ पण २००९ ला कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ पडलंय, १८ पैकी १७ गेले. ऑइल फिल्टरचे स्टड (घट्ट धरणारे बोल्ट) तुटले, गिअरबॉक्समधलं तेल गेलं.

मधला_भाऊ
काका, आईला स्टॅव्हॅंगरकरांचीच पोस्ट दाखवतो, तुमची नाही 😅 धाकट्याला मात्र अख्खा धागा पाठवलाय.