'स्नायपिंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

जुनी नाणी जमवणाऱ्या आमच्या मंडळींत 'स्नायपिंग' हा शब्द सतत येतो. ऑनलाइन लिलाव संपायला चार-पाच सेकंद उरले की इतका वेळ गप्प असलेला कुणीतरी एकदम बोली टाकतो आणि नाणं घेऊन जातो. परवा एक शिवराई माझ्या हातून अशीच गेली. तीन दिवस माझीच बोली वर होती. मला 'दबा-बोली' सुचतंय. हा उघड अन्याय आहे, तेव्हा शब्दातही तो दिसायला हवा.

प्रतिसाद

'दबा' मूळ शब्दाच्या जवळच जातो. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा पक्षी, दलदलीत दडून बसणारा आणि उडाला की नागमोडी पळणारा. त्याला टिपणं हे नेमबाजाचं कसब. १७७० च्या दशकात हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेत या शिकारीवरून हा शब्द रुळला, लढाईत तो नंतर गेला.

अन्यायाचं मात्र पटत नाही. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर आपण आपली कमाल रक्कम देऊन ठेवतो. यंत्रणा ती उघड करत नाही, समोरच्याच्या वर जेमतेम एक पायरी राहील एवढीच बोली चढवते. समजा, तुम्ही ३००० कमाल दिलीत आणि दुसऱ्याने २५००, तर भाव २५०० च्या किंचित वर थांबतो. शेवटच्या सेकंदाला २८०० घेऊन येणारा हरणारच. तुम्हाला हरवायला त्याला ३००० च्या वर जावं लागतं. थोडं थोडं वाढवू म्हणून थांबणाऱ्यालाच फटका बसतो.

आणि उशिरा येणाऱ्याला कारणही असतं. जाणकाराने पहिल्याच दिवशी बोली लावली की नाणं अस्सल आहे हे बाकीच्यांना फुकट कळतं. शिवाय विक्रेत्याचाच माणूस खोट्या बोली लावून भाव फुगवत असेल, तर त्याला वेळच मिळत नाही.

प्रतिसाद

मला यात माणसापेक्षा घड्याळाचा दोष दिसतो. 'लिलाव' आपल्याकडे पोर्तुगीज 'लेइलांव'वरून आला, पण त्याचा शेवट आपण आपल्या शब्दांत करतो: एक वार, दोन वार, तीन वार! कुणी 'दोन वार'नंतर बोललं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे सगळे गप्प झाल्यावरच लिलाव संपतो. ईबेवर तो ठरल्या क्षणी संपतो, कुणाला अजून बोलायचं असलं तरी.

ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये नेमकं हेच मांडलं. ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत शेवटच्या १० मिनिटांत बोली आली की वेळ वाढायची. तिथे ऐनवेळच्या बोली ईबेपेक्षा खूपच कमी निघाल्या. आणि ईबेवर अशा बोली संगणकांच्या लिलावांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावांत जास्त, म्हणजे वर म्हटलेल्या जाणकारांचंच हे काम. बँकांच्या जप्त मालमत्तांच्या नोटिसा वर्तमानपत्रात पाहा, 'प्रत्येकी ५ मिनिटांच्या अमर्याद मुदतवाढीसह' असं छापलेलं सापडेल. ते 'तीन वार'च आहे.

म्हणून शब्दात आरोप नको. साधं 'ऐनवेळची बोली' म्हणा. वेगळं नाव द्यायचंच तर लिलावाच्या प्रकाराला द्या: एक 'घड्याळी लिलाव', दुसरा 'तीन वार'चा.

मूळ प्रश्नकर्ती

'घड्याळी लिलाव' फार आवडला, तो मी आजपासून वापरणार. 'ऐनवेळची बोली'ही मान्य, पण ती जरा सपक वाटते. त्या शेवटच्या सेकंदाची धडधड तिच्यात नाही. 'झडप-बोली' कशी वाटते? झडप घारही घालते, आणि तिला कुणी लबाड म्हणत नाही.

शिवराईबद्दल सांगायचं तर मी कमाल रक्कम दिलीच नव्हती, रोज शंभर-शंभर वाढवत होते. मनात मात्र बरीच मोठी रक्कम होती, आणि शिवराई ज्या भावाला गेली तो त्या रकमेच्या आतलाच होता. ते अजून टोचतंय.